विरजण, बीअरचं यीस्ट आणि मे महिन्यातलं नागपूर

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी दोनला लाईट गेली ती सातला आली. बाहेर ४५ च्या वर, कूलर बंद, पंखा बंद, अन् आई काही अशा वेळी स्वस्थ पडणारी बाई नाही, तिने सरळ फ्रिज रिकामा करून पुसायला घेतला. लोणच्याच्या बरणीमागून, चिंचेच्या गोळ्याला चिकटलेली तीन चपटी पाकिटं निघाली.

"हे काय होय रे? एवढा इनो कायले आणून ठेवला?"

इनो नव्हता तो. बीअरचं यीस्ट होतं. २०१८ ला अमेरिकेतल्या डेन्व्हरहून कायमचा परत आलो तेव्हा कपड्यांच्या घड्यांत टाकून आणलेलं, यूएस-०५ नावाचं कोरडं यीस्ट, साडेअकरा ग्रॅमचं एकेक पाकीट. आणलं कशाला ते मलाही सांगता येणार नाही, पहिल्या घराची किल्ली माणूस ठेवतो ना जवळ, तसलंच काहीतरी. तारीख बघितली तर संपून तीन वर्षं झालेली, अन् मधल्या काळात लाईट किती वेळा गेली, फ्रिज किती वेळा कोमट झाला याचा हिशेबच नाही.

आधी एक सांगून टाकतो नाहीतर खाली लोक तेच विचारत बसतील. नागपुरात मी बीअर बनवत नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, लायसन्सशिवाय घरी बीअर बनवणं म्हणजे सरळ गुन्हा, अन् आमचं मामाकडचं गाव तर वर्धा जिल्ह्यात, जिथे सगळा जिल्हाच १९७० च्या दशकापासून कोरडा आहे, त्यामुळे आमच्याकडे या विषयावर बोलतानाही आवाज थोडा खाली जातो. अमेरिकेत मात्र १९७८ ला राष्ट्राध्यक्ष कार्टरने एका कायद्यावर सही केली आणि पुढच्या वर्षीपासून घरी बीअर बनवायला मोकळीक मिळाली, घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर. आम्ही दोघं रूममेट मिळून त्यातले फार तर शंभर लिटर करत असू. मग इथे यीस्ट जिवंत आहे की मेलं याची उठाठेव कशाला? तर पाव करायला. जुन्या काळी युरोपात बेकरीवाले बीअरवाल्याकडूनच फेस आणून पीठ फुगवायचे, दोन्हीकडे भिडू एकच, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी.

आता असं जुनं यीस्ट वापरायच्या आधी थोड्याशा खाद्यावर वाढवून घ्यावं लागतं, त्याला स्टार्टर म्हणतात. ते का, हे मला डेन्व्हरमध्ये मार खाऊन कळलेलं आहे, तर ते सांगतो.

२०१५ चा हिवाळा होता, आम्ही १९ लिटरचा एक घाणा घातला. यीस्ट लिक्विडवालं होतं, पाकीट चार महिने जुनं. दुकानातला माणूस म्हणाला होता स्टार्टर लाव आधी, पण आम्ही दोघं विदर्भातले, दुकानदाराने सांगितलं म्हणजे काहीतरी जास्तीचं विकायला बघून राहिला हीच पहिली शंका. तसंच ओतलं. पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी रात्री एअरलॉकमधून, म्हणजे गॅस बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या बुचातून, एक बुडबुडा आला तेव्हा आम्ही दोघं उठून उभे राहिलो होतो. पुढे दोन आठवड्यांनी हायड्रोमीटर टाकला, म्हणजे रस पाण्याच्या किती पट जड ते सांगणारी काचेची कांडी, तर १.०३० वर अडकलेलं. यीस्टने साखर खाल्ली की हा आकडा उतरतो, तो १.०१२ च्या आसपास यायला पाहिजे होता. चव गोड, वरून लोण्याचा वास. रूममेट यवतमाळचा, तो म्हणाला, "हे बीअर नाही बे, लोण्याचं सरबत आहे." अख्खे १९ लिटर सिंकमध्ये गेले.

चुकलं काय होतं, तर वाढपी कमी पडले होते. आपल्याकडच्या पंगतीचाच हिशेब लावा, पाचशे पानं मांडली आणि वाढायला चार पोरं, तर काय होतं? वरण पहिल्या ओळीत पोचतं तोवर शेवटच्या ओळीतला माणूस मीठ चाटत बसलेला असतो, पोरं दमतात, चिडतात, सांडतात. यीस्टचं तेच. सर्वसाधारण एल, म्हणजे जरा उबेत आंबणाऱ्या बीअरसाठी हिशेब असा धरतात की दर मिलिलिटरला, दर डिग्री प्लेटोमागे (प्लेटो म्हणजे रसाच्या गोडीचं माप) साडेसात लाख पेशी पाहिजेत. वर्ट, म्हणजे बीअर व्हायच्या आधीचा माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोड रस, २० लिटर आणि १२ प्लेटोचं असेल तर गुणाकार करून १८० अब्ज. थंडीत आंबणारी लागर असेल तर त्याच्या दुप्पट. ताज्या लिक्विड पाकिटात साधारण १०० अब्ज असतात आणि ढोबळमानाने महिन्याला पाचवा हिस्सा मरतो असं समजून चालायचं, म्हणजे आमच्या चार महिने जुन्या पाकिटात उरले असतील ४० अब्ज. पाहिजे होते १८०. पंगत उठणारच होती.

स्टार्टर म्हणजे मग एवढंच, की मोठ्या पंगतीच्या दोन दिवस आधी लहान पंगत घालायची, आणि त्या जेवणावर वाढपीच वाढवायचे. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम माल्ट एक्स्ट्रॅक्टची पावडर, दहा मिनिटं उकळी, थंड करायचं, यीस्ट टाकायचं, तोंडावर फॉइल सैल गुंडाळायचं, येता जाता हलवायचं. एअरलॉक लावायचा नाही, कारण इथे हवा आत जायला पाहिजे. यीस्टला नवीन पेशीचं आवरण बांधायला स्टेरॉल लागतं आणि ते बनवायला ऑक्सिजन लागतो. हौशी लोक त्यासाठी स्टर प्लेट वापरतात, आमची घरचीच होती, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, त्यावर हार्ड डिस्कमधून उचकटलेलं मॅग्नेट, वर फ्लास्क, फ्लास्कमध्ये मॅग्नेटची कांडी, दिवसभर भोवरा फिरत राहायचा. बघत बसायला फार छान वाटतं, रूममेट म्हणायचा टीव्हीची गरजच नाही.

आणि कोरड्या यीस्टला खरं म्हणजे स्टार्टर लागतच नाही, कारण कंपनीने सुकवायच्या आधीच त्याला खाऊपिऊ घालून, स्टेरॉलची शिदोरी बांधून पाठवलेलं असतं. ताजं पाकीट असेल तर सरळ फोडायचं आणि भुरभुरायचं. पण माझं पाकीट ताजं कुठे होतं.

हे सगळं मी आईला सांगत होतो, ती मटार निवडतात तशा शांतपणे ऐकत होती, आणि शेवटी म्हणाली, "एवढं काय त्यात. विरजण जुनं झालं, आंबट झालं, तर मी काय करते? एकदम पातेलंभर दुधाला लावते का? आधी वाटीभर दुधात लावते, ते नीट लागलं तर त्यातलं चमचाभर उद्या पातेल्यात."

मी गप्प. चार वर्षं अमेरिकेत राहून, सिंकमध्ये १९ लिटर ओतून जे शिकलो ते ही बाई माझ्या जन्माच्या आधीपासून करून राहिली आहे. फरक एवढाच की तिच्या वाटीत बॅक्टेरिया आणि माझ्या फ्लास्कमध्ये बुरशीच्या जातकुळीतला जीव, आणि हा फरक किती महत्त्वाचा ते मला लगेचच कळणार होतं.

पहिलं पाकीट. माल्ट माझ्याकडे घरचाच होता, त्याची वेगळी कथा आहे. जानेवारीत जव आणायला इतवारीत गेलो, दोन किलो जव द्या म्हटलं, माणसाने झटकन तोलून दिले, घरी येऊन पिशवी उघडली तर जवस! चूक त्याची तरी कशी म्हणायची, आपल्याकडे दोन किलो नेणारं गिऱ्हाईक चटणीसाठी जवसच नेतं. परत गेलो तर म्हणतो, "जव कायले पाहिजे भाऊ, पूजा आहे का?" तर ते जव एक रात्र भिजवले, मधे पाणी काढून हवा दिली, परत भिजवले, मग ओल्या पोत्यावर पसरून चार दिवस मोड आणले. जानेवारीत नागपूर रात्री १२-१३ ला जातं म्हणून जमलं, मे मध्ये केलं असतं तर दुसऱ्या दिवशी बुरशीचा वास सुटला असता. आतला कोंब दाण्याइतका लांब झाला की थांबवायचं, गच्चीवर वाळवायचं, आणि वाळल्यावर चोळून मुळ्या काढायच्या. मी चाळणी घेऊन बसलो होतो, आईने हातातून घेतलं आणि सुपात घालून पाच मिनिटांत पाखडून दिलं, मुळ्यांचा ढीग एकीकडे, दाणे एकीकडे.

तर तो माल्ट मिक्सरमधून भरड काढला, २०० ग्रॅम, लिटरभर पाण्यात तासभर ६५-६६ डिग्रीवर धरला. गॅस चालू बंद, चालू बंद, हातात थर्मामीटर. मेडिकलमधून आणलेल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब बशीत टाकून बघितला, आधी निळंकाळं होत होतं, तासाभराने नुसतं पिवळटच राहिलं, म्हणजे पिठाची साखर झाली. गाळलं, उकळलं. उकळताना एक मिनिट व्हॉट्सअ‍ॅप बघितलं तेवढ्यात फेस येऊन उतू गेलं, शेगडी, ओटा, खालचा ट्रॉलीचा कप्पा सगळं चिकट. माल्टचा पाक ओट्यावर वाळला की तो सुरीनेच खरवडावा लागतो, दूध परवडलं.

थंड केलं, पाकीट फोडून टाकलं आणि इथे शहाणपणा केला. फॉइल संपलं होतं म्हणून दांडीवर वाळत घातलेला स्वच्छ मलमलचा पंचा फ्लास्कच्या तोंडाला बांधला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाक लावलं तर ताक! म्हणजे अगदी ताकाचा वास, पावाचा नाही, चिंचेसारखी चव. आईला विचारलं हा पंचा कशाचा, तर म्हणाली चक्क्याचा. रविवारी श्रीखंडासाठी दही त्यातच टांगलं होतं. धुतलेला होता, स्वच्छ होता, पण धुतलेला आणि निर्जंतुक यात जे अंतर आहे तेवढ्यात दह्याचे बॅक्टेरिया आरामात संसार थाटतात. यीस्ट आधीच म्हातारं, त्यांच्यासमोर काय टिकणार.

दुसरं पाकीट. या वेळी सगळं कुकरमध्ये १५-२० मिनिटं, बरणी, फॉइल, चमचा, सगळं. शिट्टीच्या दाबाखाली आत १२० च्या आसपास तापमान जातं, दवाखान्यात भांडी निर्जंतुक करायचं मशीन दुसरं काय असतं. वर्ट तयार, आणि सगळीकडे लिहिलेलं असतं तसं रूम टेंपरेचरला येऊ दिलं. येऊ दिलं ते आलंच, रात्री झाकण लावून झोपलो. सकाळी वास नेलपॉलिश रिमूव्हरचा. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की ते लिहिणारा बसलाय अमेरिकेत पोर्टलंडमध्ये, त्याचं रूम टेंपरेचर २०, आणि आमच्या स्वयंपाकघरात रात्री अकराला भिंतीवरचं घड्याळवजा थर्मामीटर दाखवत होतं ३९. कोरडं यीस्ट कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं भिजवायला ३५ चालतं, पण रात्रभर ३९ मध्ये राहा आणि काम कर म्हटलं तर आपल्यालाही जमत नाही, त्या बिचाऱ्याला कुठून जमेल. हायड्रोमीटरचाही तोच घोळ झाला होता. तो २० डिग्रीला बरोबर वाचतो, ४० च्या पाण्यात सहासात पॉइंट कमी दाखवतो, त्यामुळे या वर्टाचं मी जे १.०३० समजत होतो ते खरं १.०३६-३७ होतं. म्हाताऱ्या यीस्टला एवढं गोड पहिल्याच घासाला द्यायला नको होतं.

तिसरं म्हणजे शेवटचं पाकीट. बायको म्हणाली राहू दे, दुकानातून यीस्टचा डबा आण, साठ-सत्तर रुपयांत मिळतो. बरोबर होतं तिचं. पण आता ते पावाबद्दल राहिलं नव्हतं.

थंड जागा शोधायची होती. एसी बेडरूममध्ये, तिथे बाबा, तिथे बरणी ठेवायची परवानगी नाही. मग आईचा जुना माठ आठवला. तोंड मोठं, तळाला चीर गेलेला, तरी तीन बोटं पाणी धरायचा. त्यात पाणी, पाण्यात बरणी, माठावर ओलं पोतं, आणि सगळं मांडलं हॉलमधल्या कूलरच्या समोर. मे मध्ये नागपूरची हवा इतकी कोरडी की ओलं पोतं बर्फासारखं काम करतं, बाहेर ४४ असताना माठात २६. अमेरिकेत लोक बादलीत पाणी भरून, भांड्याला ओला टीशर्ट घालून समोर टेबलफॅन लावतात, अगदी हेच. फक्त हे जुलैत नाही जमत, हवेत ओल आली की माठ नुसता माठ राहतो.

वर्ट या वेळी थोडंच, २०० मिली, पातळ, १.०२० चं. आई म्हणाली साखरेच्याच पाण्यात टाक ना, फसफसलं तर कळेल. दहा मिनिटांत जीव आहे की नाही बघायला साखर चालते, पण त्यात नायट्रोजन नाही, जीवनसत्त्वं नाहीत, आणि पेशी वाढवायला ते लागतं. शिवाय नुसत्या साखरेवर पोसलेलं यीस्ट पुढे माल्टची साखर खायला कंटाळा करतं. माणसाच्या पोराला बिस्किटाची सवय लागते तसं.

रात्री नऊला टाकलं. सकाळी काही नाही. दुपारी काही नाही, नुसता तळाला तपकिरी गाळ, जो मेलेल्या पेशींचाही असू शकतो. मी दर तासाला पोत्यावर पाणी मारायचो आणि बरणी हलवायचो, बाबांनी दोनदा विचारलं की बाळ झोपलं का. रात्री पुन्हा लाईट गेली. कूलर थांबला की घरात एकदम अशी शांतता होते ना, कानात वाजते, त्या शांततेत मी माठाजवळ चटईवर पडलो होतो आणि काहीतरी ऐकू आलं. सोड्याची बाटली उघडून बराच वेळ झाल्यावर जसं बारीक चर्र होत राहतं, तेवढंच. मोबाईलचा टॉर्च मारला. काठाला लागून फेसाची बारीक कडा, पांढरी, बांगडीसारखी, आणि बरणीच्या मधोमध बारीक बुडबुड्यांची एक दोरी खालून वर सरळ चाललेली. पाणी गढूळ, दुधाळ झालं होतं. हलवलं तर फेस एकदम गळ्यापर्यंत आला. फॉइल किंचित उचलून वास घेतला, कच्चं सफरचंद आणि मळून ठेवलेली कणीक. टाकल्यापासून २८ तास झाले होते.

मी आईला उठवलं. रात्री एकला. तिने बरणीकडे बघितलं, म्हणाली, "लागलं ना? मग आता पातेल्यात घाल," आणि कूस बदलून झोपली.

दुसऱ्या दिवशी ते २०० मिली एक लिटर वर्टात घातलं, या वेळी १.०३६ चं. सहा तासांत फेस, दीड दिवसात शांत. मग फ्रिजमध्ये. थंडीत यीस्ट तळाशी बसतं, वरचं पाणी हळूच ओतून द्यायचं. ते पाणी म्हणजे तांत्रिकदृष्ट्या हलकी बीअरच असते, ऑक्सिजन असला तरी साखर भरपूर असेल तर हे यीस्ट अल्कोहोल करतंच, क्रॅबट्री इफेक्ट म्हणतात त्याला. मोह होऊन एक चमचा चाखलं, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव, ज्याला कुणाला त्यात आनंद मिळेल त्याने माझ्या नावाने खुशाल प्यावं, मी मोरीत ओतलं. तळाला राहिली बोटभर जाड साय. तीच खरी कमाई.

त्यातले दोन मोठे चमचे अर्धा किलो मैद्यात गेले. बेकरीच्या यीस्टसारखी घाई त्याला नाही, तासाभरात बघितलं तर पीठ जसंच्या तसं, म्हटलं झालं, हे पण गेलं. पण सकाळी मळलेलं दुपारी तीनपर्यंत दुप्पट झालं होतं. ओव्हनमधून निघालेला पाव काही देखणा नव्हता, एका बाजूला फुगून फाटलेला, पण कवच खरपूस आणि आत थोडा गोडसर माल्टचा वास. बाबांनी रविवारचा सावजी रस्सा आणला होता, त्यात बुडवून तीन तुकडे खाल्ले, घाम पुसला, म्हणाले ठीक आहे. आमच्या बाबांकडून ठीक आहे म्हणजे वन्समोअर.

उरलेली साय उकळून थंड केलेल्या पाण्याखाली काचेच्या बाटलीत फ्रिजमध्ये आहे, दर तीनचार आठवड्यांनी थोडी काढून नवीन स्टार्टर लावतो. मधे शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या, मी ऑफिसात, आणि आईने चष्मा न लावता तीच बाटली उघडून वाटीत ओतायला घेतली होती, वासाने ओळखली म्हणून वाचली. नाहीतर काकूंच्या दुधाचं काय झालं असतं देव जाणे. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर बाटलीवर पांढऱ्या चिकटपट्टीवर आईच्या अक्षरात लिहिलेलं, "पावाचं विरजण. देऊ नये."